बत्तिशीचं मत

मी दात बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवायचे आणि आमच्या लॅबमध्ये आम्ही त्यावरून कवळ्या नि कॅपा तयार करायचो. म्हणून कामावर माझं नाव पडलं बत्तिशी. पुढे व्हिडिओ गेमच्या एका साइटवर टोपणनाव विचारलं, तेव्हा मी तेच टाकून दिलं. त्या साइटवर मी खेळलेल्या प्रत्येक गेमबद्दल माझं मत लिहायचे. कुणी विचारलेलं नसायचं, पण मत आमच्या पोटात राहत नाही, हे आईकडून आलं आहे. ती शेजारणीच्या पडद्यांबद्दलही जिन्यात उभी राहून बोलायची.

घरात पहिला गेम आणला मामाने. एक काळी पेटी, ती टीव्हीला जोडायची, आणि दोन कंट्रोलर. त्यांना आम्ही तेव्हापासून रिमोटच म्हणतो. दुसऱ्या रिमोटची वायर मुळाशी तुटलेली होती, ती बोटाने दाबून धरली तरच पडद्यावरचा माणूस चालायचा. तो रिमोट अर्थातच धाकट्या भावाच्या वाट्याला. त्याला मी ठोंब्या म्हणते. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या हाताखाली माणसं आहेत, त्याला दोन मुली आहेत, तरी ठोंब्याच. त्या पहिल्या गेममध्ये एक माणूस कंदील घेऊन खाणीत उतरायचा. मी खेळायचे आणि ठोंब्या माझ्या खांद्यामागून ‘ताई, दगड! ताई, डावीकडे!’ असं कानात किंचाळायचा. माझं मत विचाराल तर तो गेम शुद्ध फसवा होता. त्याला तळच नव्हता. खाली जावं तसे दगड जोरात पडायचे, एवढंच. आम्ही मात्र सगळी सुट्टी तळाशी काय असेल यावर भांडून काढली.

पुढे नोकरी लागली, दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि मग मी मनसोक्त खेळले. लग्नाचं आधी जमलं नाही, नंतर जमवावंसं वाटलं नाही. दिवसभर नाकासमोरच्या दातावर नजर रोखून बसायचं. मेण तापवायचं, कोरायचं, ब्रशच्या टोकाने रंगाचा थर द्यायचा. संध्याकाळी घरी येऊन चहा टाकायचा आणि पडद्यावर लांबवरचं काहीतरी बघायचं. मला वाटतं, मी खेळायचे ती त्या लांबवरसाठीच.

सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला शेतीचा गेम मला लवकरच नकोसा झाला. लोक म्हणायचे, मन शांत होतं. माझं काही झालं नाही. उठल्याबरोबर कोबीला पाणी, कोंबड्यांना दाणे, आणि गावातल्या एका बाईला रोज एक फूल नेऊन द्यायचं, नाहीतर ती फुगून बसणार. मी लिहिलं, ‘दिवसभर राबून आल्यावर पुन्हा राबायची हौस असेल त्यांनी आमच्या लॅबमध्ये यावं, जागा रिकामी आहे.’ त्यावर शेतकरी मंडळी माझ्यावर तुटून पडली. युद्धाच्या गेममध्ये मी पहिल्या मिनिटाला मरायचे, कारण मी भिंती बघत उभी राहायचे. एका गेममध्ये पडक्या घराच्या दाराशी कुणीतरी मुलांची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या रेघा काढल्या होत्या. इतक्या मायेने रेघा काढायच्या आणि माणसाला तिथून पळत सुटायला लावायचं, याला काय म्हणावं?

बर्फाच्या गेमवर मी फार लांबलचक लिहिलं. त्यात एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत चालत जायचं, बस. पण मागे वळलं की आपली पावलं उमटलेली दिसायची आणि वारा सुटला की ती हळूहळू बुजायची. मी पुढे जाणं सोडून तेच बघत बसायचे.

एकदा मी अशीच बघत बसले असताना ठोंब्या आला. जरा वेळ बघून म्हणाला, “हे काय खेळणं आहे? कुणी मरत नाही, काही मिळत नाही.”

“तुला कळायचं नाही,” मी म्हटलं. “तू चहा पी.”

आणि समुद्राचा गेम. त्याच्यावर मी मत लिहिलंच नाही, कारण तो मी संपवला नव्हता. एक मुलगी होडी घेऊन बेटाबेटांवर जाते आणि विझलेली दीपगृहं पुन्हा पेटवते. एका हिवाळ्यात मी सगळी पेटवली, एकच राहिलं. त्या शेवटच्या बेटाच्या अलीकडे होडी उभी केली आणि गेम बंद केला. तो संपावा असं वाटेना. पुढे कितीतरी वर्षं, कामावरून फार वैतागून आले की तो लावायचा, होडी त्या पाण्यावर जरा इकडेतिकडे फिरवायची आणि बंद करायचा, असं चालायचं.

मग तो पुलाचा प्रकार झाला.

एक नवा गेम आला होता, जुन्या शहराचा. घरं, गल्ल्या, कमानी, सगळं बघत राहावं असं, पण नदीवरचा लांब दगडी पूल मधोमध बसका दिसत होता, कुणी मेणावर अंगठा दाबावा तसा. मला वाटलं, बनवणाऱ्यांनी घाई केली. मी तणतणत लिहिलं, ‘एवढं शहर उभारलंत आणि पूल वाकडा ठेवलात? माझ्या हाताखालच्या मुलीने असा दात केला तर मी तो परत करायला लावते.’ लोकांनी उत्तरं टाकली की पूल सरळ आहे. मी हट्टाला पेटले. शेवटी एकाने लिहिलं, ‘बाई, आधी डोळे तपासून घ्या.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आत्ता फोटो काढून तोंडावर फेकते म्हणून मी कपाटातली स्टीलची पट्टी काढली आणि पडद्यावरच्या पुलाला लावून धरली.

पट्टीही वाकडी दिसली.

मी ती हातात घेऊन खिडकीशी गेले. खिडकीचा गज वाकडा. समोरच्या इमारतीची कड वाकडी. जिथे बघेन तिथे मधोमध तोच खळगा. मी खालीच बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. लहानपणापासूनचा चष्म्याचा मोठा नंबर, त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग ताणून विरत गेला होता आणि आता तिथे रक्त झिरपत होतं. डावा डोळा तर आधीच बराचसा गेला होता. उजव्याच्या भरवशावर मला ते कळलंच नव्हतं.

“गेम खेळल्यामुळे झालं का?” मी विचारलं.

“नाही हो. नसता खेळलात तरी झालंच असतं. उलट पूल वाकडा दिसला म्हणून लवकर तरी आलात.”

“लवकर म्हणजे वेळेत?”

त्यांनी यंत्राचा दिवा मालवला. मग म्हणाल्या, “आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू.”

इंजेक्शनं झाली, डोळ्यातच देतात ती. आहे तेवढं टिकलं. पण जे टिकलं ते कडेचं. आता मी ज्याच्याकडे सरळ बघते ते नाहीसं होतं, त्या जागी एक धुरकट डाग येतो. बाजूला बघितलं की तीच वस्तू कडेने हळूच हजर होते, पण पुसट, आणि वळून नीट बघायला जावं तर पुन्हा गायब. रस्ता ओलांडता येतो, चहा करता येतो, माणूस अंगकाठीवरून ओळखता येतो. चेहरा दिसत नाही. दातावरचा रंग दिसत नाही.

लॅबचे मालक वाईट माणूस नव्हते. पहिला महिनाभर त्यांनी काही विचारलं नाही. मग एक दिवस माझ्या टेबलापाशी उभे राहून खाकरले. “फोनवर बसाल का? डॉक्टरांच्या तक्रारी तुमच्याइतक्या दुसऱ्या कुणाला समजायच्या नाहीत.” मी हो म्हटलं. माझे ब्रश मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला देऊन टाकले. ती म्हणाली, “ताई, राहू देत ना तुमच्याकडे, आठवण म्हणून.” मी म्हटलं, “आठवण नको आहे गं मला, तू वापर.” आणि तोंड धुवायला जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

घरी आल्यावर गेमच्या पेटीवर मी उशीचा अभ्रा चढवला. साइटवर जाणं बंद केलं. कुणी गेमचा विषय काढला की माझं काहीतरी काम निघायचं. एखाद्या दुकानातून गेमचं संगीत ऐकू आलं तरी मी पाय उचलायचे. दिसत नाही याचं दुःख असतं, ते लोकांना समजतं. पण मला जे हवं होतं ते मागायचीच लाज वाटायची. चाळिशी उलटलेल्या बाईने काय सांगायचं लोकांना? की मला खोट्या समुद्राची आठवण येते?

ही आठवण मी ठोंब्यालाही सांगितली नव्हती. पण एका रविवारी दुपारी तो आला, जेवला, हात पुसले, आणि काही न बोलता अभ्रा ओढून काढला.

“ठेव ते,” मी म्हटलं.

“समुद्रवाला लावतो.”

“तुला खेळता येत नाही.”

“तू सांग, मी करतो. लहानपणी मी सांगायचो, तू करायचीस. आता फिरवून घेऊ.”

“मी म्हणते ठेव.”

त्याने ठेवला नाही. गेमची पेटी सुरू झाल्याचा सूर वाजला आणि मागोमाग लाटांचा आवाज खोलीभर झाला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथून मला ऐकू येत होतं, होडी धडाधड खडकावर आपटत होती.

“अरे शीड उतरव आधी!” मी आतूनच ओरडले.

“कुठलं बटण?”

“खालचं. उजव्या बाजूचं. खालचं रे!”

मग मी बाहेर येऊन बसले.

माझा भाऊ मनाने कितीही चांगला असला तरी वर्णन करणं हा त्याचा प्रांत नव्हता. मी विचारायचे, “समोर काय आहे?” तो म्हणायचा, “मोकळं आहे.” “काठावर काय आहे?” “झाड आहे.” “कसलं झाड?” “झाडासारखं झाड.” मी कपाळाला हात लावायचे. गेमबद्दल त्याची स्वतःची मतं भलतीच निघाली. एका दीपगृहात वर जायला लाकडी पाळणा होता. तो बघून त्याचा जीव वरखाली झाला. “याला ब्रेकच नाही! दोर तुटला तर माणूस थेट खाली. कुणी पास केलं हे?”

“गेम आहे तो, ठोंब्या.”

“असेल. मी बसलो नसतो.”

दर रविवारी तो येऊ लागला. पेटवलेली दीपगृहं आम्ही पुन्हा बघत होतो, म्हणजे तो बघत होता आणि मी त्याच्याकडून ओढून काढत होते. कारण माझ्या मनात तो समुद्र पूर्ण होता, प्रत्येक बेटाची वळणं मला पाठ होती, आणि तरी मला तो नव्याने बघायचा होता, डोळे भरून. ठोंब्याचं वाक्य संपलं की मी म्हणायचे, “बस? एवढंच?” ते किती लागायचं त्याला, मला कळत नव्हतं.

एके दिवशी तो अचानक छान बोलायला लागला. “आज आकाश काय झालंय ताई! खाली केशरी, वर जांभळं. पाखरांचा मोठा थवा चाललाय. आणि लांब, डोंगरावर एक घंटाघर चमकतंय.”

मी ऐकत राहिले. पहिल्या दोन वाक्यांना माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, “ठोंब्या, या गेममध्ये डोंगर नाही.”

रिमोटच्या बटणांचा आवाज थांबला.

“पाखरंही नाहीत. असती तर ओरडली असती. मला कान आहेत.”

“वाटलं, तुला बरं वाटेल.”

“मला बरं वाटायला नको आहे! मला तिथे काय आहे ते हवंय. माझ्यासाठी तू खोटा समुद्र बनवणार? म्हणजे मला माझ्या मनातलाही दिसायचा नाही आणि बनवणाऱ्यांचाही नाही.”

त्याने रिमोट आपटला नाही, हळूच खाली ठेवला. त्याचंच मला जास्त लागलं. “मग काय सांगू मी तुला? पाणी आहे. राखाडी आहे. बाकी काही नाही. आणि एवढं म्हटलं की तू म्हणणार, ‘बस? एवढंच?’ आठवडाभर मी लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून विचार करतो, येत्या रविवारी ताईला काय सांगायचं. मला नाही येत शब्द. तुला येतात. तुझ्या जागी माझे डोळे गेले असते तर बरं झालं असतं, तू मला चांगलं सांगितलं असतंस.”

“असलं बोलायचं नाही,” मी म्हटलं.

लाटा वाजत होत्या. होडी सोडून दिल्यामुळे कुठेतरी वाहत चालली असणार. शेवटी मी म्हटलं, “राखाडी कशासारखं?”

तो पडद्याकडे नीट बघत असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला. “आपल्या जुन्या घरी न्हाणीत पत्र्याची बादली होती ना? घासून घासून तिची चमक गेलेली? तसं. आणि आत खाली थोडं हिरवं. बादलीच्या तळाला शेवाळ धरायचं तसं.”

ते मला दिसलं. कुणी विश्वास ठेवो न ठेवो, मधला डाग बाजूला झाल्यासारखं लख्ख दिसलं. त्यानंतर मी ‘बस’ हा शब्द त्याच्यासमोर काढला नाही, आणि तोही पाखरं उडवायला गेला नाही. तो आपल्या ओळखीच्या वस्तू आणायचा. एका बेटाची वाळू ग्रीस सांडलेल्या भुशासारखी होती. एक ढग मामाच्या पोटासारखा होता, शर्टाचं खालचं बटण तुटलेलं असायचं तेव्हाच्या.

शेवटच्या बेटावर जायचं मीच ठरवलं. ठोंब्या म्हणाला, “नक्की? मग संपेल.” मी म्हटलं, “आता राखून ठेवून काय करू?”

तिथे खडकांवरून उड्या मारत जायचं होतं आणि ते त्याला काही केल्या जमेना. मुलगी पुन्हा पुन्हा पाण्यात पडत होती. त्याने घाम पुसला, मला शिव्या घातल्या, गेमला घातल्या. मग मी रिमोट मागून घेतला. बोटांना सगळं आठवत होतं. तो माझ्या खांद्यामागे सरकला आणि सांगू लागला, “आता. थांब. आता. जरा डावीकडे, आता!” चार-पाच वेळा पडलो. मग एकदा पावलाखाली लाकूड वाजलं, जिना लागला होता.

दिवा पेटला तो मी पाहिला. म्हणजे पडद्याकडे पाठ करून पाहिला. सरळ बघितलं असतं तर डागच दिसला असता, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. दीपगृहाचा झोत फिरायला लागला तसा तो टीव्हीतून बाहेर येऊन माझ्या खोलीच्या भिंतीवरून सरकत गेला. कपाटावरून, खिडकीच्या पडद्यावरून, पुन्हा भिंतीवरून. ठोंब्याला पहिल्यांदाच कळलं होतं की आता बोलायचं नाही.

मग संगीत बदललं.

“नावं यायला लागली,” तो म्हणाला. “झालं? एवढ्यासाठी तू इतकी वर्षं थांबली होतीस? ती मुलगी नुसती बसली, आणि नावं!”

“वाच.”

“काय?”

“नावं वाच. कुणी काय केलं तेही.”

त्याने वाचली. परक्या देशांची, जिभेला न वळणारी. अडखळत, कंटाळत, सगळी वाचली. एका नावापुढे लिहिलं होतं, पाणी. एक माणूस नुसतं पाणी करत होता. तिथे मला रडू आलं ते थांबेचना, आणि ठोंब्या बिचारा नावं वाचतच राहिला, कारण थांबावं की वाचावं त्याला समजेना.

माझं मत असं की शेवट साधा होता, जरा घाईत उरकलेला. मधला प्रवास पाहता त्यांनी त्या मुलीला दोन शब्द तरी बोलू द्यायला हवे होते. पण हे मत मी बनवलं त्यानंतरच्या रिकाम्या आठवड्यांत. होडी फिरवायला आता काही उरलं नव्हतं. संपलेल्या गेममध्ये जाऊन पाहिलं, पण सगळे दिवे पेटलेल्या त्या समुद्रावर ठोंब्यालाही करमेना.

मग त्याने मारामारीचा गेम आणला. दोन पैलवान समोरासमोर, ठोसे आणि लाथा. या प्रकाराबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. पण त्याने कुठेतरी ऐकलं होतं की ज्यांना दिसत नाही अशी माणसंही तो खेळतात, कारण प्रत्येक फटक्याचा आवाज निराळा असतो आणि दोघांपैकी कोण कुठे आहे ते डाव्या-उजव्या कानाला कळतं. खरंच तसं होतं. लाथ येण्याआधी कापडाची सळसळ व्हायची. उडी घेताना माणूस श्वास ओढायचा. महिनाभरात मी ठोंब्याला लोळवलं, मग त्याच्या दोन्ही मुलींना. धाकटी रडवेली होऊन म्हणाली, “आत्या चीटिंग करते, तिला दिसतं!” मला इतकं हसू आलं की पुढचा डाव मी हरले.

त्या गेमवर मी पुन्हा मत लिहिलं. आता लिहिते म्हणजे फोनपुढे बोलते आणि तो टाइप करतो. पैलवानांच्या श्वासांबद्दल लिहिलं, पंचाचा आवाज चिडलेल्या पोस्टमनसारखा आहे हे लिहिलं, आणि डोळ्यांचंही एका ओळीत सांगून टाकलं. फोनने उत्तरं वाचून दाखवली. बहुतेक ठिकाणी एकच होतं, ‘बत्तिशी, होतीस कुठे?’ ज्याने डोळे तपासायला सांगितलं होतं त्याचंही उत्तर होतं. बिचाऱ्याने माफी मागितली होती. मी त्याला कळवलं की माझ्यावर झालेल्या सगळ्या टीकेत तेवढी एकच कामाची निघाली.

तेव्हा माझं बरं चाललंय. फोनवर डॉक्टरांना शांत करते, घरी येऊन पैलवानांना झोपवते. लोक म्हणतात, बघा, हिने कसा मार्ग काढला. मी मान हलवते. पण मारामारीच्या गेममध्ये थांबता येत नाही. थांबलं की ठोसा बसतो. आणि मला तर थांबायचंच असतं. सगळं काम बाजूला ठेवून उगाच एका जागी उभं राहायचं आणि लांब बघायचं, हे मला अजूनही इतकं हवंसं वाटतं की कधीकधी बसमध्ये बसल्या बसल्या बोटं आपोआप रिमोट धरल्यासारखी वळतात.

परवा सुट्टी होती. दुपारी मी धुतलेले कपडे घड्या करत होते, तेवढ्यात ठोंब्याचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

“कुठे आहेस? छतावर चढलास का?”

“घरीच आहे. नवीन गेम घेतलाय. सायकलचा.” जरा ओशाळल्यासारखा बोलत होता. “मुली आईबरोबर बाहेर गेल्यात. एकटाच खेळतोय.”

“तू? एकटा?”

“हो. शर्यत आहे. पण रस्ता वर चढत गेला आणि वर आल्यावर… म्हणजे खाली सगळी दरी दिसायला लागली. मी सायकल थांबवली. बाकीचे गेले पुढे. मी इथेच उभा आहे मघापासून.”

मी हातातला टॉवेल खाली ठेवला. लहानपणापासून ज्याला एका जागी बसता आलं नाही तो माझा भाऊ, कुणी मरत नसताना, काही मिळत नसताना, उभा राहून बघत होता. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण त्याच्याआधी मला त्याचा हेवा वाटला.

“ताई? ऐकतेस ना?”

“ऐकते.”

“सांगू का काय दिसतंय? का नको?”

मी खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले. फोन दुसऱ्या कानाला लावला, त्या कानाला जास्त नीट ऐकू येतं.

“सावकाश सांग,” मी म्हटलं. “सगळ्यात लांबचं आधी.”